पहाऱ्यांतला मोगरा

पुण्यास आमच्या जुन्या वाड्याच्या चौकांत, आडाच्या कडेला, बटमोगऱ्याचें एक झाड होतें. आईनें तें माहेराहून आणलेलें. तिच्या आईला तें कोणा शेजारणीनें दिलेलें. त्यापलीकडची त्याची वंशावळ कोणासच ठाऊक नव्हती. चैत्र लागला कीं रोज संध्याकाळीं आई ओंजळ-दोन ओंजळी कळ्या खुडीत असे. कांहीं देवाला, कांहीं पाण्याच्या माठांत, आणि उरलेल्या दाराशीं येईल त्या मुलीबाळींना. पुढें आई गेली. तिच्यामागें कांहीं वर्षांनीं वाडाहि पडला, आड बुजला, आणि त्या जागीं बिऱ्हाडांची उंच इमारत उभी राहिली. वाडा सोडतांना त्या झाडाची एक फांदी तेवढी कुंडींत लावून मीं तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या घरीं नेली. तिला ऊन लागूं नये, वारा लागूं नये, कोणाचा धक्का लागूं नये, अशा बेतानें ती कुंडी मीं माझ्या खोलींत पुस्तकांच्या कपाटाशेजारीं ठेवली. धाकटी बहीण दोनदां म्हणाली, "दादा, एक फांटा मला दे ना, आईची आठवण म्हणून लावीन." पण एकुलतें एक झाड, कापलें आणि वठलें तर काय घ्या, या भीतीनें मीं दोन्ही वेळां तिची पुढल्या वर्षाच्या वायद्यावर बोळवण केली. दोन उन्हाळे गेले. झाडाला लांबच लांब फिकट कोंब आले, पानें आलीं. कळी मात्र एकहि आली नाहीं.

याच सुमारास इटलीच्या मेदिची घराण्याच्या उत्तरकाळाविषयीं वाचीत असतांना 'मुगेरीनो' हा शब्द माझ्या दृष्टीस पडला. हें एका सुवासिक फुलाचें नांव, आणि फ्लॉरेन्सजवळच्या राजबागेंत त्या फुलासाठीं एक स्वतंत्र उबदार घर बांधलेलें होतें, असा मजकूर होता. शब्दाच्या उच्चारानें मीं थबकलों. थोडा शोध करतां हें मुगेरीनो म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून आपला मोगराच, आणि तो तेथें पोंचला तो गोव्याहून, हें कळून आलें. ज्या फुलाचें आपल्याकडे कोणाला कौतुक वाटूं नये इतकें तें घरोघरचें, त्याला एका राजानें चार भिंतींच्या आंत ठेवून त्यावर पहारा बसविला, ही हकीकत मला चमत्कारिक वाटली. ती मराठी वाचकांनाहि मनोरंजक वाटेल, आणि घरांत फुलझाड ठेवण्याची हौस असणारांस तींतून कांहीं शिकतांहि येईल, अशा समजुतीनें येथें सांगत आहें.

प्रथम या झाडाच्या स्वभावाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. कारण पुढील सर्व इतिहासाचें मर्म त्यांत आहे. मोगरा हा मूळचा भारत व त्याला लागून असलेल्या प्रदेशांतला. संस्कृत कवींची मल्लिका ती हीच, आणि ग्रीष्माच्या वर्णनांत तिचें स्थान ठरलेलें. तिला कडक ऊन मानवतें, ऊब मानवते. सांवली आणि गारठा मानवत नाहीं. कळी दिवसभर मिटलेली असते, दिवस कलला कीं उमलूं लागते, आणि खरा सुवास सुटतो तो रात्रीं. रात्रीं हिंडणाऱ्या पतंगांना बोलावून घेण्याची ही निसर्गाची योजना. परंतु मोगऱ्याच्या बाबतींत ती बहुतेक निष्फळ ठरते. साध्या मोगऱ्याला फळ धरलेलें क्वचितच दिसतें. आणि ज्याच्या पाकळ्यांचे थरावर थर असतात त्या बटमोगऱ्याला तर बी धरत नाहीं म्हटलें तरी चालेल. अर्थात् हें झाड वाऱ्याबरोबर उडून जात नाहीं, पांखराच्या चोंचींतूनहि जात नाहीं. कोणीतरी फांदी कापावी, ती दुसऱ्याच्या हातांत द्यावी, आणि त्यानें ती मातींत खोंचावी, तरच त्याचा वंश पुढें चालतो. आज पृथ्वीच्या पाठीवर जेथें जेथें बटमोगरा फुलतो आहे, तेथें तेथें तो कोणीतरी कोणाला तरी दिलेला आहे, किंवा कोणीतरी चोरलेला आहे.

या हातोहातच्या प्रवासाची साक्ष त्याचीं नांवें देतात. चीनमध्यें त्याला 'मोलि' म्हणतात. तो शब्द मल्लिकेवरूनच आला असें भाषापंडितांचें मत आहे. तेथें या कळ्यांचा थर चहाच्या पानांबरोबर रात्रभर ठेवून चहाला सुवास देतात. फिलिपाइन्समध्यें त्याला 'सांपागीता' म्हणतात, आणि सन १९३४ मध्यें त्या देशानें त्याला आपलें राष्ट्रीय फूल ठरविलें. इंडोनेशियानेंहि त्याला असाच मान दिला आहे. शास्त्रीय नांवांतला 'सांबाक' हा शब्द अरबी 'झंबक' वरून आलेला. लिनीयस या स्वीडिश पंडितानें १७५३ मध्यें आपल्या ग्रंथांत या झाडाला प्रथम हें नांव दिलें, तेव्हां त्याला त्यानें आपल्या पारिजातकाच्या कुळांत बसविलें होतें. एटन या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञानें १७८९ मध्यें त्याला तेथून काढून जाई-जुईच्या घरांत आणलें. दोन्ही फुलें रात्रीं फुलणारीं, एवढ्यावरून लिनीयसनें त्यांना भाऊबंद मानावें यांत नवल नाहीं. आपल्या परडींतहि तीं शेजारींशेजारींच असतात.

आतां गोव्याकडे वळूं. पोर्तुगिजांनीं १५१० मध्यें गोवें घेतल्यावर तेथें आलेल्या विद्वानांत गार्सिया द ओर्ता हा वैद्य प्रमुख. त्याचे औषधी वनस्पतींवरील संवाद १५६३ मध्यें गोव्यांतच छापले गेले. हिंदुस्थानांत छापलेल्या अगदीं पहिल्या पुस्तकांपैकीं तें एक. त्यांत त्यानें पारिजातकाचें वर्णन केलें असून सूर्यावर प्रीति करणाऱ्या राजकन्येची आपली कथाहि सांगितली आहे. या देशचे लोक सुवासिक फुलांचे किती शोकी आहेत, हें यूरोपास कळूं लागलें तें अशा ग्रंथांतून. पुढें शंभर-सवाशें वर्षांनीं मलबारांतील डच अधिकारी व्हान ऱ्हीड यानें तेथील वनस्पतींचा बारा खंडांचा प्रचंड ग्रंथ आम्स्टरडॅम येथें १६७८ ते १६९३ या काळांत प्रसिद्ध केला. त्याच्या पहिल्या खंडांत रंगभट, विनायक पंडित व आपूभट या तीन कोंकणी ब्राह्मण वैद्यांचें नागरी लिपींतलें प्रशस्तिपत्र छापलेलें आहे. आपल्या लिपीचा यूरोपांतल्या छापखान्याशीं आलेला हा फार जुना संबंध. आणि तो आला तो झाडाझुडपांच्या निमित्तानें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

कोंकणींत फूल 'मोगरें', अनेक असलीं कीं 'मोगरीं'. पोर्तुगिजांच्या तोंडीं त्याचें 'मोगरिम' किंवा 'मोगोरिम' झालें. गोव्याचे थोर भाषापंडित मोन्सिन्योर दालगाद यांनीं १९१९ ते १९२१ या सालांत प्रसिद्ध केलेल्या आपल्या लुसो-आशियाई शब्दकोशांत असे शेंकडों आपले शब्द पोर्तुगीज वेषांत उभे केले आहेत. तोच शब्द जहाजांतून इटलीस उतरला आणि तेथें त्याचा 'मुगेरीनो' झाला. फुलानें देश सोडला, पण नांव सोडलें नाहीं.

इटलींत त्याला नेणारा राजा म्हणजे टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा. हा १६७० मध्यें गादीवर आला व १७२३ मध्यें वारला. म्हणजे त्रेपन्न वर्षें त्यानें राज्य केलें. मेदिची घराण्याचा पूर्वींचा दरारा तोंवर ओसरला होता. तिजोरी रोडावलेली, व्यापार बसलेला, प्रजा करांनीं गांजलेली. स्वतः कोसिमो मोठा धर्मभोळा, संशयी आणि संग्रहाचा नादी. राजपुत्र असतांना १६६७ ते १६६९ या काळांत तो हॉलंड, स्पेन, पोर्तुगाल, इंग्लंड असा प्रवास करून आला होता, आणि दूरदेशचीं झाडें यूरोपांत कशीं वाढवितात हें त्यानें डोळ्यांनीं पाहिलें होतें. लिंबें, संत्रीं, द्राक्षें, अंजीर यांच्या जितक्या जाति मिळतील तितक्या त्यानें आपल्या बागांतून जमविल्या, आणि बार्तोलोमेओ बिंबी या चित्रकाराकडून त्या फळाफुलांचीं हुबेहुब चित्रें काढवून घेतलीं. तीं चित्रें आजहि पाहावयास मिळतात.

या कोसिमोचा गोव्याशीं संबंध कसा आला तें आपल्यापैकीं पुष्कळांनीं न कळत पाहिलेलें आहे. जुन्या गोव्यांतील बॉम जेझू देवालयांत सेंट फ्रान्सिस झेवियर याचें शव ज्या चांदीच्या पेटींत आहे, ती पेटी सतराव्या शतकांत गोव्याच्याच सोनारांनीं घडविलेली. पण तिच्या खालचा रंगीबेरंगी संगमरवराचा उंच चौथरा या ग्रँड ड्यूकनें धाडलेला. संताच्या मस्तकाखालची उशी जेझुइटांनीं त्याला भेट दिली. तिच्या उतराईदाखल त्यानें फोज्जिनी या शिल्पकाराकडून तो चौथरा करवून, त्याचे सुटे भाग पेट्यांत भरून गोव्यास पाठविले. त्याबरोबर आलेल्या कारागिरांनीं १६९८ मध्यें तो उभा केला. अशा या येण्याजाण्याच्या काळांत, सतराव्या शतकाच्या अखेरीस, गोव्याचा दाट पाकळ्यांचा मोगरा कोसिमोच्या हातीं पडला. टस्कनीनें गोव्यास दगड दिला आणि गोव्यानें टस्कनीस फूल दिलें. दगडाची कथा यात्रेकरूंना वाटाडे सांगतात. फुलाची कोणी सांगत नाहीं.

मोगरा आला खरा, पण त्याला ठेवावयाचा कोठें? फ्लॉरेन्सचा उन्हाळा आपल्याकडच्यासारखा तापतो; हिवाळ्यांत मात्र दंव गोठतें. तेथील राजवाड्यांच्या बागांतून लिंबा-संत्र्यांचीं झाडें मोठाल्या मातीच्या कुंड्यांत लावण्याची वहिवाट होती, व आजहि आहे. शरद ऋतु सरतां सरतां त्या सर्व कुंड्या 'लिमोनाया' नांवाच्या लांबट इमारतींत न्यावयाच्या आणि वसंत ऋतु चांगला स्थिरावला म्हणजे पुन्हां उघड्यावर मांडावयाच्या. या इमारतींना दक्षिणेकडे मोठमोठीं दारें-खिडक्या आणि उत्तरेकडे जाड भिंत असते. लिंबाच्या झाडाला पाणी न गोठण्याइतकी ऊब मिळाली म्हणजे पुरे. तें हिवाळाभर झोंपून काढतें. मोगऱ्याचें तेवढ्यावर भागेना. म्हणून फ्लॉरेन्सजवळच्या कास्तेल्लो येथील बागेंत त्याच्यासाठीं निराळें घर बांधण्यांत आलें. त्याचें नांवच 'स्तूफा देई मुगेरीनि', म्हणजे मोगऱ्यांचें उबारघर.

झाड घरांत ठेवणें म्हणजे त्याला आडोसा देणें, अशी आपली सामान्य समजूत असते. त्या काळच्या माळ्यांपुढचा प्रश्न याहून अवघड होता. आडोसा दिला तर उजेड जातो. उजेडासाठीं खिडकी मोठी केली तर ऊब जाते. उबेसाठीं शेगडी पेटविली तर धूर होतो आणि हवा रखरखीत होते. उत्तर यूरोपांतल्या माळ्यांनीं यावर एक युक्ति काढली होती. कातडें कमाविण्यासाठीं वापरून झालेली ओकच्या सालीची भुकटी कुंडांत भरली म्हणजे ती आंबूं लागते आणि महिनोन्‌ महिने मंद ऊब देते. तींत झाडाची कुंडी पुरून ठेवावयाची. यांत आगहि नाहीं आणि धूरहि नाहीं. आपल्या आजीबाईंनीं आढींत आंबे घातले म्हणजे जी ऊब धरते, त्याच जातीची ही ऊब. असे शेंकडों प्रयत्न करून त्या लोकांनीं एक गोष्ट शिकून घेतली होती. ती ही कीं, घरांत आणलेल्या झाडाचें घर त्या झाडाच्या मूळच्या देशासारखें करावें लागतें. झाडानें आपल्या घरासारखें व्हावें, ही अपेक्षा फुकट.

इतकें करून मोगरा फुलला, तेव्हां त्याची कीर्ति पसरली आणि मागणी येऊं लागली. कोसिमोनें त्याचा फांटा कोणासहि देण्याची सक्त मनाई केली. झाडांवर पहारा बसविला, असें जुने ग्रंथकार लिहितात. कोणी त्या संबंधांत पीसाच्या बागेचें नांव घेतात, कोणी कास्तेल्लोच्या. राजाच्या दृष्टीनें पाहिलें तर मनाई अगदीं बिनचूक होती. गव्हावर किंवा मसाल्यावर मक्ता ठेवणें कठीण, कारण दाणा कोणाच्याहि मुठींतून जातो. बी नसलेल्या झाडाचें तसें नाहीं. कात्री आवरली कीं सारें आवरलें. याच बळावर कांहीं काळ तरी हा मोगरा यूरोपांत ग्रँड ड्यूकच्याच नांवानें ओळखला जाऊं लागला. आजहि या जातीचें इंग्रजी नांव 'ग्रँड ड्यूक ऑफ टस्कनी' असें आहे, आणि आपल्याच देशांतल्या रोपवाटिकांतून आपलाच बटमोगरा कधीं कधीं या परकी नांवाची चिठ्ठी लावून आपणांस विकला जातो.

पहारा कसा फुटला याविषयीं टस्कनींत एक दंतकथा आहे. ड्यूकच्या एका तरुण माळ्यानें आपल्या वाग्दत्त वधूला तिच्या वाढदिवशीं फुलांचा गुच्छ दिला, आणि त्यांत मनाई मोडून या झाडाची एक डहाळी घातली. फूल ताजें राहावें म्हणून मुलीनें ती मातींत खोंचली, ती जगली. मुलीनें व तिच्या आईनें तिचीं रोपें करून विकलीं, त्या पैशांवर त्या गरीब जोडप्याचा संसार उभा राहिला, आणि तेव्हांपासून टस्कनीच्या नववधू लग्नांत हीं फुलें माळूं लागल्या. इतिहासाच्या अभ्यासकानें ही कथा जशीच्या तशी स्वीकारूं नये. तिला दप्तराचा आधार नाहीं, आणि सांगणारांच्या तोंडीं सालें बदलतात. पण ती रचणाराला झाडाचा स्वभाव बरोबर कळला होता एवढें निश्चित. फूल ताजें राहावें म्हणून खोंचलेली काडी जगते आणि झाड होतें, हें मोगऱ्याच्या बाबतींत शक्य आहे. शिवाय मनाई फार काळ टिकली नाहीं, याला इंग्लंडांतला पुरावा आहे. लंडनच्या चेल्सी येथील औषधी बागेचा प्रमुख फिलिप मिलर याचा बागकामाचा कोश १७३१ मध्यें प्रथम निघाला व पुढें वाढत गेला. दरसाल इटालियन व्यापारी संत्र्यांच्या झाडांबरोबर सुवासिक जाई-मोगऱ्यांचीं कलमें लंडनांत विकावयास आणीत, असें त्या काळच्या अशा पुस्तकांतून समजतें. हीं कलमें तिकडच्या काटक चमेलीच्या खुंटावर बांधलेलीं असत. तात्पर्य, ड्यूकचें गुपित अर्ध्या शतकाच्या आंत बाजारांत आलें.

येथें एक योगायोग सांगितल्यावांचून राहवत नाहीं. कोसिमोनंतर त्याचा मुलगा जान गास्तोने गादीवर आला आणि १७३७ मध्यें निपुत्रिक वारला. त्याच्याबरोबर मेदिचींची गादी संपली व टस्कनी परक्या राजघराण्याच्या हातीं गेली. उरली ती कोसिमोची मुलगी आना मारिया लुइझा. तिलाहि मूल नव्हतें. घराण्याचीं चित्रें, पुतळे, ग्रंथ, रत्नें असा शतकांचा संचय तिच्या वांट्यास आला. तिनें त्याच वर्षीं नव्या राजाशीं करार केला कीं, हा सर्व संग्रह टस्कनीच्या राज्यास द्यावा, पण त्यांतली एकहि वस्तु फ्लॉरेन्सच्या बाहेर जाऊं नये. तो लोकांच्या उपयोगासाठीं व परदेशस्थांच्या कुतूहलासाठीं तेथेंच राहावा. आज जगांतले लोक फ्लॉरेन्सला जें पाहावयास जातात, तें बहुतांशीं या दानामुळें तेथें राहिलें आहे. बापानें फांटा देण्यास मनाई केली. मुलीनें सर्वस्व देऊन टाकलें. घराण्याचें नांव राहिलें तें कोणामुळें, हें वाचकांनींच ठरवावें. कास्तेल्लोचा वाडा व बाग इतर मेदिची वाड्यांसह २०१३ मध्यें जागतिक वारशाच्या यादींत समाविष्ट झालीं. त्याच वाड्यांत इटालियन भाषेची जुनी संस्था 'आकादेमिया देल्ला क्रुस्का' नांदत आहे. आपल्या कोंकणच्या एका शब्दानें इटालियन वेष घेऊन जेथें घर केलें, तेथेंच त्या भाषेचे रखवालदार बसावेत, हाहि एक योगच.

यानंतरचा इतिहास फुलझाड राजवाड्यांतून साध्या घरांत येण्याचा आहे, आणि त्याचें बरेंचसें श्रेय कांचेला आहे. इंग्लंडांत १६९६ पासून घराच्या खिडक्यांवर कर होता, आणि १७४५ च्या सुमारास कांचेवरहि जकात बसली. उजेडावरच कर म्हटल्यावर गरिबाच्या घरीं झाड कसें जगावें? कांचेवरची जकात १८४५ मध्यें उठली, खिडक्यांवरचा कर १८५१ मध्यें उठला, आणि मध्यम स्थितीच्या लोकांनाहि घराला लागून एखादी कांचेची पडवी बांधतां येऊं लागली. तत्पूर्वींच, १८२९ मध्यें, लंडनच्या एका धुरकट वस्तींत राहणारे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांना एक गंमत दिसली होती. पतंगाचा कोश त्यांनीं ओलसर मातीसह एका झांकलेल्या कांचेच्या बाटलींत ठेवला होता. पतंगाऐवजीं त्या मातींतून नेच्याचें व गवताचें रोप वर आलें, आणि पाणी न घालतां जगलें. दिवसा वाफ होऊन कांचेवर जमलेला ओलावा पुन्हां मातींत उतरे. या तत्त्वावर त्यांनीं कांचेच्या बंद पेट्या केल्या. १८३३ मध्यें अशा दोन पेट्या जहाजावरून सिडनीपर्यंत गेल्या, आणि आंतलीं रोपें जिवंत पोंचलीं. पुढें याच पेट्यांतून चीनचा चहा हिमालयाच्या उतारावर आला. एका देशाची संपत्ति दुसऱ्यानें उचलून नेण्याचेंहि तें साधन झालें, हें विसरून चालणार नाहीं. परंतु खिडकींत कुंडी ठेवून तिच्यावर जीव लावण्याची जी रीति आज आपण नवी म्हणून घेतली आहे, ती तिकडे रुजली ती याच काळांत.

आपल्याकडे मोगऱ्याला खिडकीची गरजच नव्हती, अंगण होतें. तें आतां शहरांतून नाहींसें झालें. जें झाड तीनशें वर्षांपूर्वीं फ्लॉरेन्सच्या माळ्यांनीं कष्टानें घरांत आणलें, तें आज पुण्या-मुंबईस आपल्याला घरांत आणणें भाग पडत आहे. आणि त्या माळ्यांना जें ठाऊक होतें तें आपल्याला ठाऊक नाहीं. अमेरिकेच्या थंड भागांत राहणाऱ्या आपल्या कित्येक मराठी कुटुंबांना मात्र तें शिकावें लागलें आहे. पहिलें दंव पडण्याच्या आंत मोगऱ्याची कुंडी घरांत, हिवाळाभर दक्षिणेच्या खिडकींत, पाणी बेताचें. आणि थंडी गेली कीं पुन्हां बाहेर. लिमोनायाचाच हा क्रम, फक्त राजाच्या जागीं एखादी गृहिणी.

मीं वाचून शिकलों तें थोडक्यांत सांगतों. मोगरा शोभेची वस्तु नव्हे. त्याला दिवसाकाठीं निदान पांच-सहा तास अंगावर ऊन हवें. खोलीच्या मध्यभागीं आपल्याला जो उजेड पुरेसा वाटतो तो त्याला संध्याकाळसारखा. कळ्या नव्या फुटीवर येतात. म्हणून थंडींत पाणी तोडून, जुन्या फांद्या निर्दयपणें छाटून, माघाच्या अखेरीस खत व भरपूर पाणी द्यावें. कोंडलेल्या कोरड्या हवेंत पानांच्या पाठीवर लाल कोळी धरतो. त्यास पानें धुवून काढणें हा साधा उपाय. आणि फांटा लावावयाचा तर पावसाळ्यांत. यांतली एकहि गोष्ट आई वाचून शिकली नव्हती, आणि तिनें एकहि कधीं चुकविली नाहीं. आमच्या चौकांतल्या झाडाची छाटणी ती दरवर्षीं करी, आणि छाटलेल्या फांद्या कोणी ना कोणी मागून नेई; तें सारें मीं डोळ्यांदेखत पाहिलेलें. परंतु तें दान नसून झाडाच्या आरोग्याचाच भाग आहे, हें मला कोसिमोची हकीकत वाचीपर्यंत उमगलें नाहीं. माझ्या खोलींतल्या कुंडीकडे पाहून मला जी लाज वाटली ती येथें लपवीत नाहीं. पहारेकरी तेवढा नव्हता, एवढाच काय तो फरक.

त्या आषाढांत मीं झाड छाटलें. चांगल्या तीन फांद्या ओल्या फडक्यांत गुंडाळून बहिणीच्या घरीं, कोल्हापुरास, स्वतः नेऊन दिल्या. उरलेलें झाड पश्चिमेच्या सज्जांत ठेवलें. पण त्याला उशीर झाला होता. दोन वर्षांच्या अंधारानें त्याचा जोम गेलेला. त्यांत लाल कोळ्यानें त्याला गांठलें, आणि पौषांत तें वाळलें. मीं काडी मोडून पाहिली, आंत हिरवें कांहीं उरलें नव्हतें. आईच्या हातचें झाड माझ्याच्यानें राखवलें नाहीं, हें बहिणीला कळवावयास मला चार दिवस लागले.

पुढल्या वैशाखांत ती आली, तेव्हां तिच्या हातांत एक लहानशी कुंडी होती. तिच्या तीन फांद्यांपैकीं दोन जगल्या होत्या. त्यांतली एक तिनें मला परत आणली. वर दोन कळ्या होत्या. ती कुंडी आतां सज्जाच्या कठड्याशीं, भर उन्हांत असते. येत्या पावसाळ्यांत तिच्या फांद्या कोणाकोणाला द्यावयाच्या, याची यादी मीं करून ठेवली आहे.